कठीण अंथरुणाचा इतिहास : पाठदुखी, गादी आणि न तपासलेला एक सल्ला

१/
पाठ दुखते अशी कोणी तक्रार केली, की घरातील वडीलधाऱ्यांपासून शेजारच्या औषधविक्रेत्यापर्यंत सर्वजण एकच उपाय सांगतात : गादी काढा, जमिनीवर किंवा फळीवर झोपा. हा सल्ला आपण सर्वांनी ऐकला आहे. काहींनी वर्षानुवर्षे पाळलाही आहे. तो आला कोठून? आणि तो खरा आहे की नाही, हे कोणी कधी तपासले होते का? आजचा धागा या दोन प्रश्नांविषयी.

२/
उत्तराचा एक भाग आधीच सांगून ठेवतो. या सल्ल्याची पहिली मोठी आणि काटेकोर परीक्षा २००३ साली झाली. तोपर्यंत किमान तीन-चार पिढ्यांच्या रुग्णांनी तो निमूटपणे पाळला होता. परीक्षेचा निकाल सल्ल्याच्या विरुद्ध लागला. परंतु त्या निकालाचे महत्त्व कळण्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल. बरेच मागे.

३/
दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात सिबुडू नावाची एक गुहा आहे. तेथे सुमारे ७७,००० वर्षांपूर्वीच्या अंथरुणाचे थर सापडले. हे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. खाली लव्हाळ्यासारख्या गवताचा जाड थर आणि वर एका विशिष्ट झाडाची पाने. त्या झाडाच्या पानांत कीटकांना दूर ठेवणारी द्रव्ये असतात. अंथरूण जुने झाले की ते जाळून टाकीत आणि त्यावर नवे अंथरीत.

४/
त्याच प्रांतातील बॉर्डर केव्ह या गुहेत तर सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी राखेच्या थरावर गवत अंथरल्याचे पुरावे २०२० साली मांडले गेले. तेव्हा ‘पूर्वीचे लोक दगडावर झोपत, म्हणून त्यांची पाठ दुखत नसे’ हे विधान करण्यापूर्वी जरा थांबावे. माणसाला दगडावर झोपणे भाग नव्हते, तेव्हा तो झोपत नव्हता. मऊपणाची ओढ ही आधुनिक ऐषारामाची देणगी नाही.

५/
मानेची गोष्ट थोडी निराळी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये उशी म्हणजे लाकडाचा, दगडाचा किंवा हस्तिदंताचा चंद्रकोरीच्या आकाराचा आधार असे. तूतनखामेनच्या थडग्यात असे अनेक आधार सापडले आहेत. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात चिनी मातीच्या उशा सर्रास वापरल्या जात. आज आपल्याला त्या पाहूनच मान अवघडल्यासारखे होते. पण त्यांतून एक गोष्ट दिसते : मानेला मऊपणापेक्षा योग्य उंचीचा आधार हवा, हे माणसाला फार पूर्वी जाणवले होते. हा मुद्दा लक्षात ठेवावा. शेवटी त्याकडे परत येऊ.

६/
आता आपल्याकडे पाहू. मनुस्मृतीत ब्रह्मचाऱ्याने जमिनीवर निजावे असा नियम आहे. उपोसथाच्या दिवशी बौद्ध उपासकाने पाळावयाच्या आठ शीलांत उंच व आलिशान शय्या वर्ज्य सांगितली आहे. दिगंबर जैन मुनींच्या मूलगुणांत भूमिशयन येते. म्हणजे तिन्ही परंपरांत कठीण अंथरूण आहे. पण तिन्ही ठिकाणी ते कशासाठी आहे? संयमासाठी, वैराग्यासाठी. पाठीसाठी नव्हे.

७/
याउलट वैद्य काय म्हणतात? चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ मानले. आणि ज्याला झोप येत नाही त्याच्यासाठी सुचविलेल्या उपायांत अभ्यंग, स्नान यांच्याबरोबर नीट अंथरलेली शय्या आणि सुखकर घर यांचाही समावेश केला. तपस्व्याला कठीण शय्या, रुग्णाला सुखशय्या. आपल्या परंपरेत या दोन वाटा स्पष्टपणे वेगळ्या होत्या. त्या पुढे एकमेकींत मिसळल्या.

८/
मराठी भाषेतही याची खूण आहे. ‘गादी’ म्हणजे निजण्याचे साधन आणि ‘गादी’ म्हणजे सत्ता. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी, मठाची गादी. मऊ आसन हे अधिकाराचे आणि वैभवाचे चिन्ह होते. म्हणूनच घोंगडीवर झोपणारा माणूस आपल्याला अधिक सात्त्विक आणि अधिक काटक वाटतो. हा आदर योग्यच आहे. पण तो स्वभावाविषयीचा निर्णय आहे, मणक्यांविषयीचा नव्हे.

९/
हेच युरोपातही घडले. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक हा वैद्यकही शिकलेला होता. मुलांच्या शिक्षणाविषयीचे त्याचे पुस्तक १६९३ साली प्रसिद्ध झाले. त्यात तो सांगतो, की मुलांचे अंथरूण कठीण असावे, पिसांची गादी देऊ नये. तिने शरीर दुबळे होते. एवढेच नव्हे, तर अंथरूण वेगवेगळ्या पद्धतींनी घालावे, म्हणजे पुढे प्रवासात कोठेही झोप लागेल.

१०/
लॉकचा सल्ला वाचताना जाणवते, की त्याला पाठदुखी बरी करावयाची नाही. त्याला एक काटक सभ्य गृहस्थ घडवावयाचा आहे. येथे वैद्यक आणि नीती एका वाक्यात बसली आहेत. पुढील दोन शतके ‘मऊ म्हणजे दुबळे, कठीण म्हणजे निरोगी’ हे समीकरण पक्के होत गेले.

११/
त्याला तिसरी साथ मिळाली ती स्वच्छतेची. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९-६० च्या सुमारास शुश्रूषेवरील आपल्या प्रसिद्ध पुस्तकात बिछान्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. रुग्णासाठी लोखंडी पलंग आणि त्यावर केसांची पातळ गादी असावी, पिसांची जाड गादी नको, असे त्यांचे मत होते. कारण? जाड गादीत घाम व ओल मुरते, हवा खेळत नाही. कारण अगदी योग्य होते. पण त्यातही पाठ कोठे नव्हती.

१२/
त्याच शतकात एका वैद्याने नेमका उलट विचार केला होता. लंडनमधील स्कॉटिश डॉक्टर नील अर्नॉट यांच्याकडे बाळंतपणानंतर खिळून पडलेली एक रुग्ण होती. तिच्या अंगावर दाबाने जखमा झाल्या होत्या. १८३२ साली अर्नॉट यांनी पाण्याने भरलेल्या हौदावर रबर लावलेले कापड पसरले, त्यावर पातळ गादी घातली आणि रुग्णाला तिच्यावर निजविले. हा आधुनिक काळातील पहिला पाण्याचा बिछाना.

१३/
अर्नॉट यांचा विचार साधा होता. कठीण पृष्ठभागावर शरीराचा भार मोजक्याच ठिकाणी पडतो : खांदे, माकडहाड, टाचा. पाण्यावर तो सर्वत्र वाटला जातो. जेथे भार एकवटतो तेथे वेदना होते आणि जखमही होते. गादीने काय करावे याची ही पहिली शास्त्रीय मांडणी म्हणता येईल. पण ती शय्याव्रणांपुरती राहिली. पाठदुखीचा रस्ता दुसरीकडे वळला.

१४/
तो कसा वळला? १८६६ साली लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिकसेन यांनी रेल्वे अपघातांनंतर उद्भवणाऱ्या पाठीच्या विकारांवर व्याख्याने प्रसिद्ध केली. ‘रेल्वे स्पाइन’ हा शब्द गाजला. पाठदुखी म्हणजे कण्याला झालेली इजा, ही कल्पना याच काळात रुजली. आणि इजेवर उपाय कोणता? मोडलेल्या हाडाला जो करतात तोच : विश्रांती.

१५/
विश्रांतीचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते म्हणजे लिव्हरपूलचे ह्यू ओवेन टॉमस (१८३४-१८९१). हाडे बसविणाऱ्यांच्या घराण्यातील हा डॉक्टर गरिबांवर उपचार करी. सांध्यांच्या क्षयाला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. प्रतिजैविके नसलेल्या काळात त्या रोगापुरता तो उपाय उपयोगी होता. पुढे मात्र तोच उपाय साध्या पाठदुखीलाही लावला गेला, आणि तेथे घोटाळा झाला.

१६/
या विश्रांतीत ‘फळी’ शिरली ती एका व्यावहारिक कारणाने. त्या काळचे पलंग दोऱ्यांचे, पट्ट्यांचे किंवा तारेच्या जाळीचे असत. काही वर्षांत ते मध्यभागी झोळीसारखे खोल होत. अशा पलंगावर महिनाभर पडून राहिलेल्या रुग्णाचे काय होणार? म्हणून रुग्णालयांत गादीखाली फळ्या घालीत. फळी हा झोळीवरचा इलाज होता, आणि चांगला इलाज होता.

१७/
म्हणजे डॉक्टरांचा मूळ सल्ला होता : ‘गादीखाली फळी घाला.’ लोकांनी ऐकले : ‘गादीऐवजी फळी घाला.’ या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिला सल्ला खचलेल्या अंथरुणाविरुद्ध होता, दुसरा मऊपणाविरुद्ध. खचणे आणि मऊ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या संपूर्ण धाग्याचे सार समजा.

१८/
१९३४ साली बोस्टनमध्ये मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी मणक्यांमधील चकती सरकून मज्जारज्जूपासून निघणाऱ्या नसेवर दाब येतो, हे दाखवून दिले. ‘स्लिप डिस्क’ हा शब्द लवकरच घरोघरी पोहोचला. १९६० च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसांच्या चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजला. तो उताणे झोपल्यावर सर्वांत कमी, उभे राहिल्यावर अधिक आणि बसल्यावर त्याहूनही अधिक भरला.

१९/
मोजमाप अचूक होते. पण त्याचा अर्थ सोयीचा लावला गेला : झोपल्यावर दाब कमी, म्हणून जितके अधिक झोपाल तितके लवकर बरे व्हाल. पाठ धरलेल्या माणसाला आठवडा-दोन आठवडे अंथरुणावर, तेही कठीण अंथरुणावर, पडून राहण्यास सांगणे ही सर्वमान्य रीत झाली. कोणालाही वाटले नाही, की हे एकदा तपासून पाहावे.

२०/
या काळातील सर्वांत प्रसिद्ध पाठदुखीग्रस्त म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी. १९४४ ते १९५७ या काळात त्यांच्या पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या. कठीण गादी, तिच्याखाली फळी, कमरेला पट्टा आणि ती प्रसिद्ध झुलती खुर्ची हे सारे त्यांच्या दिनक्रमाचा भाग होते. जगातील उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी होते. तरी दुखणे हटेना.

२१/
१९६१ साली हान्स क्राउस नावाचे एक डॉक्टर, जे स्वतः नावाजलेले गिर्यारोहक होते, केनेडींना तपासावयास आले. त्यांनी स्नायूंचे नियमित व्यायाम सुरू केले आणि पुढील काही महिन्यांत केनेडींना लक्षणीय आराम पडला. एका माणसाच्या अनुभवावरून सिद्धांत मांडता येत नाही. पण अंथरुणाच्या कठीणपणाने जे साधले नाही, ते हालचालीने काही अंशी साधले, हे तेव्हा थोड्याच लोकांच्या ध्यानात आले.

२२/
आता परत महाराष्ट्रात येऊ. आपल्या घरांत तेव्हा काय होते? उन्हाळ्यात अंगणात काथ्याने किंवा सुताने विणलेली बाज. घरात चटई, सतरंजी, वाकळ, गोधडी. आणि जरा बरी स्थिती असेल तर कापसाची गादी. उशीसाठी सावरीचा हलका कापूस विशेष आवडता. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाच्या मुलखात ही गादी घरचीच वस्तू होती.

२३/
कापसाच्या गादीचा एक स्वभाव असतो. नवी असताना ती फुगीर असते. वर्ष-दोन वर्षांत अंगाच्या भाराने कापूस दबतो, त्याच्या गाठी होतात आणि जेथे कंबर टेकते तेथे खळगा पडतो. मग दारावर पिंजारी येई. त्याच्या खांद्यावर धनुष्यासारखे लांब अवजार असे. त्याच्या तातीवर लाकडी मोगरीचे ठोके पडू लागले, की गल्लीत तो ओळखीचा टणत्कार घुमे. गादी उसवून, कापूस पिंजून तो पुन्हा भरी आणि टाके घाली.

२४/
त्या पिंजाऱ्याने पाठीच्या कण्याचे शास्त्र वाचलेले नव्हते. पण त्याच्या व्यवसायाच्या मुळाशी एक अचूक समज होती : गादी ही एकदा घेऊन विसरण्याची वस्तू नाही. ती खचते, आणि खचली की तिचे नूतनीकरण करावे लागते. सिबुडूच्या गुहेत जुने अंथरूण जाळून नवे घालणाऱ्यांनाही हेच ठाऊक होते. हे ज्ञान आपण कसे गमावले, ते पुढे पाहा.

२५/
विसाव्या शतकात गादी कारखान्यात गेली. १९०० च्या आसपास जेम्स मार्शल यांनी प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या स्वतंत्र पिशवीत शिवण्याची रचना केली. १९२९ साली डनलॉपच्या प्रयोगशाळेत रबराच्या चिकाचा फेस घुसळून फोम तयार झाला. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांच्या चमूने पॉलियुरेथेनचे रसायन शोधले. १९६६ साली ‘नासा’साठी काम करताना चार्ल्स योस्ट यांनी विमानाच्या आसनांकरिता दाबाने व उष्णतेने आकार घेणारा फोम बनविला. तोच पुढे ‘मेमरी फोम’.

२६/
आपल्याकडे या प्रवाहात काथ्याची भर पडली. नारळाच्या काथ्याला रबराचा चीक लावून दाबलेल्या गाद्या शहरी घरांत आल्या. त्या कापसापेक्षा ताठ होत्या, उसवाव्या लागत नव्हत्या, फ्लॅटच्या दिवाणावर नीट बसत होत्या. पिंजाऱ्याचा टणत्कार हळूहळू थांबला. फोमची गादी पिंजता येत नाही. ती खचली तरी वरून अभ्रा तसाच ताणलेला दिसतो. खळगा डोळ्यांना दिसत नाही, पण पाठीला कळतो.

२७/
आणि मग बाजाराने तो जुना सल्ला उचलला. गादीवर ‘ऑर्थोपेडिक’ असे छापले गेले. हा शब्द १७४१ साली फ्रेंच वैद्य निकोला आंद्री यांनी मुलांच्या शरीरातील विकृती टाळण्याच्या शास्त्रासाठी घडविला होता. गादीवर छापलेला तोच शब्द म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र नव्हे. व्यवहारात त्याचा अर्थ बहुधा एवढाच, की ही गादी जरा कठीण आहे आणि किंमत जरा जास्त आहे.

२८/
डॉक्टरांची स्थितीही वेगळी नव्हती. १९९६ साली अमेरिकेतील अस्थिरोग शल्यविशारदांचे एक सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. कंबरदुखीच्या उपचारात गादीला महत्त्व आहे असे जवळजवळ सर्वांनी सांगितले आणि सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी कठीण गादीची शिफारस केली. पण त्या शिफारशीमागे मोठ्या प्रयोगाचा आधार नव्हता. गुरूंनी सांगितले होते. त्यांच्या गुरूंनी त्यांना सांगितले होते.

२९/
तोपर्यंत विश्रांतीच्या किल्ल्याला मात्र तडे गेले होते. १९८६ साली रिचर्ड डेयो व सहकाऱ्यांनी टेक्सासमधील २०३ पाठदुखीग्रस्तांचे दोन गट केले. एकाला दोन दिवस विश्रांती, दुसऱ्याला सात दिवस. दोन दिवसांच्या गटाचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. बाकी बरे होण्यात काही फरक पडला नाही. म्हणजे उरलेले पाच दिवस फुकट गेले होते.

३०/
१९९५ साली फिनलंडमध्ये याहून पुढचे पाऊल पडले. हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांपैकी काहींना अंथरुणावर विश्रांती, काहींना पाठीचे व्यायाम, तर काहींना झेपेल तसे नेहमीचे काम करण्यास सांगितले. सर्वांत लवकर सावरले ते तिसऱ्या गटातील लोक. ज्यांचे हातावर पोट आहे, त्यांच्यासाठी या निष्कर्षाचा अर्थ किती मोठा आहे, हे सांगावयास नको. किती मजुरी आणि किती नोकऱ्या त्या अनावश्यक आठवड्यांत गेल्या असतील!

३१/
आता मूळ प्रश्न. २००३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्पेनमधील फ्रान्सिस्को कोव्हाक्स व सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ कंबरदुखी असलेले, अंथरुणात आणि सकाळी उठताना वेदना होणारे ३१३ प्रौढ. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट. एकाला कठीण गादी, दुसऱ्याला मध्यम. आपल्याला कोणती मिळाली हे रुग्णांना सांगितलेले नव्हते. तपासणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. मुदत ९० दिवस.

३२/
कठीणपणा मोजण्यासाठी युरोपीय मानक वापरले होते. त्यात १ म्हणजे अत्यंत कठीण, १० म्हणजे अत्यंत मऊ. कठीण गादी २.३ ची होती, मध्यम गादी ५.६ ची. नव्वद दिवसांनंतर मध्यम गादीवर झोपणाऱ्यांची अंथरुणातील वेदना, उठतानाची वेदना आणि दैनंदिन अडचण या तिन्हींत कठीण गादीवाल्यांपेक्षा अधिक सुधारणा झाली. सुधारणेची शक्यता, संख्याशास्त्राच्या भाषेत, साधारण दुप्पट होती.

३३/
२००८ साली डेन्मार्कमध्ये १६० रुग्णांवर आणखी एक प्रयोग झाला : पाण्याचा बिछाना, अंगाचा आकार घेणारा फोम आणि कठीण फुटॉन. पहिले दोन कठीण गादीपेक्षा सरस ठरले. मात्र फरक लहान होता आणि अनेकांनी प्रयोग अर्ध्यावर सोडला. म्हणून ‘मऊ गादीने पाठदुखी बरी होते’ असा उलटा डंका पिटणेही चूकच. सिद्ध झाले ते एवढेच : सर्वांना सरसकट कठीण गादी हा सल्ला टिकत नाही.

३४/
याचे कारण आपला कणाच सांगतो. तो सरळ दांडा नाही. मानेत व कमरेत आत वळलेला, पाठीत बाहेर आलेला असा तो आहे. कुशीवर झोपले की खांदा आणि नितंब पुढे येतात. फळीवर ते दोनच ठिकाणी टेकतात आणि कंबर अधांतरी राहते. फार मऊ गादीत नितंब बुडतात आणि कणा झोळीसारखा वाकतो. चांगली गादी खांद्याला व नितंबाला थोडे आत घेते आणि कमरेला खालून उचलून धरते. अर्नॉट यांनी १८३२ मध्ये हेच ओळखले होते.

३५/
आणि मान? ती गादीवर नव्हे, गादी व उशीच्या जोडीवर अवलंबून असते. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा व कान यांतील अंतर भरून काढणारी उशी हवी. उताण्याला त्याहून कमी उंचीची. गादी मऊ असेल तर खांदा आत जातो, म्हणून उशी पातळ लागते. गादी बदलल्यावर मान दुखू लागते ती बहुधा यामुळे : जुनी उशी नव्या गादीला जुळत नाही. १९९७ साली अमेरिकेत मानदुखीच्या ४१ रुग्णांवर केलेल्या एका प्रयोगात पाण्याचा थर असलेल्या, म्हणजे उंची जुळवून घेणाऱ्या उशीने सकाळची वेदना कमी झाली होती.

३६/
२००९ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील आणखी एक छोटा अभ्यास पिंजाऱ्याची आठवण करून देतो. ५९ लोकांच्या सरासरी साडेनऊ वर्षे जुन्या गाद्या काढून त्यांना नव्या, मध्यम कठीण गाद्या दिल्या. चार आठवड्यांत पाठीची तक्रार कमी झाली आणि झोप सुधारली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे नवेपणाच्या आनंदाचा वाटा त्यात असणारच. पण शंका योग्य जागी जाते : दुखण्याचे मूळ गादीच्या मऊपणात आहे, की तिच्या वयात?

३७/
या इतिहासातून निवडीसाठी काय घ्यावे? गादीच्या नावावर जाऊ नये. दुकानात नेहमीच्या कुशीवर किमान दहा-पंधरा मिनिटे पडून पाहावे. संकोच करू नये. उताणे असताना कमरेखाली हात सहज आरपार जात असेल, तर गादी फार कठीण. हात अडकून कूस बदलणेच जड जात असेल, तर फार मऊ. जड शरीराला अधिक ताठ आधार लागतो, हलक्याला कमी. पती-पत्नींच्या गरजा भिन्न असू शकतात. परत करण्याची मुदत मिळत असेल तर ती विचारून घ्यावी, कारण कोव्हाक्स यांनीही निकाल नव्वद दिवसांनी पाहिला होता.

३८/
नवी गादी परवडत नसेल तर? आपल्याकडे म्हण आहेच : अंथरूण पाहून पाय पसरावे. खचलेल्या पलंगावर फळी आणि तिच्यावर पिंजून घेतलेली कापसाची गादी. फळीवर झोपण्याचा त्रास होत असेल तर वर दुहेरी गोधडी. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये एक उशी. ज्याला जमिनीवरील सतरंजीवर खरोखर बरे वाटते, त्याने ती सोडण्याचे कारण नाही. पण ज्याला तेथे त्रास होतो, त्याने तो व्रत म्हणून सोसण्याचेही कारण नाही.

३९/
एक इशारा आवश्यक आहे. पायात वाढता अशक्तपणा, लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, ताप, अकारण वजन घटणे, पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र वेदना, यांपैकी काही असेल तर गादीचा विचार बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. आणि दीर्घकालीन साध्या पाठदुखीत गादी ही केवळ रात्रीची सोबतीण आहे. मुख्य औषध दिवसाची हालचाल आहे.

४०/
कठीण अंथरुणाचा सल्ला देणारे लोक दुष्ट नव्हते. तपस्व्याचा संयम, लॉकची शिस्त, नाइटिंगेल यांची स्वच्छता, टॉमस यांची विश्रांती आणि रुग्णालयाची फळी, यांतील प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी योग्य होती. त्या सर्वांची मिळून एक आज्ञा झाली आणि ती वेदना सोसणाऱ्या माणसाच्या पाठीखाली सरकविली गेली. त्याला बरे वाटले नाही, तेव्हा दोष सल्ल्याला नव्हे, त्याच्या सहनशक्तीला दिला गेला.

४१/
म्हणून पुढच्या वेळी कोणी पाठ धरून आपल्यासमोर बसले, तर ‘जमिनीवर झोप’ असे सांगण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : सध्या ज्यावर झोपता, त्यावरून सकाळी उठताना कसे वाटते? तीन-चार पिढ्यांत हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. आपल्या घरी गादी शेवटची कधी पिंजली होती, आणि पिंजाऱ्याचा आवाज आपण शेवटचा कोठे ऐकला, हे खाली अवश्य लिहावे.

(धागा समाप्त)